टूरिंग मोटारसायकलमागे छोटा ट्रेलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारसायकलमागे ट्रेलर लावून लांबच्या प्रवासाला निघू इच्छिणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘माझ्या इंजिनाला झेपेल का?’ अशी असते. प्रत्यक्षात ओढणे हा या प्रकारातला सर्वांत सोपा भाग आहे. अडचण येते ती थांबताना, वळताना आणि सामान चुकीच्या जागी ठेवल्यावर, म्हणून उत्तरांचा कल त्या बाजूला आहे. उत्तरांत ‘हिच’ म्हणजे मोटारसायकलला बसवलेली जोडणी, ‘बॉल’ म्हणजे तिच्यावरचा धातूचा गोळा, ‘कपलर’ म्हणजे हिचच्या बॉलवर बसणारे ट्रेलरचे टोक, ‘दांडा’ म्हणजे ट्रेलरपासून कपलरपर्यंतचा लोखंडी भाग आणि ‘दांडाभार’ म्हणजे त्या टोकाने बॉलवर टाकलेला उभा भार, असे समजावे.

१. माझी मोटारसायकल ट्रेलर ओढू शकेल का? इंजिन किती सीसीचे असावे?

सपाट रस्त्यावर शंभर किलोचा ट्रेलर ओढायला फार ताकद लागत नाही, त्यामुळे केवळ सीसीच्या आकड्यावरून निर्णय करता येत नाही. मर्यादा येते ती फ्रेम, ब्रेक, क्लच आणि मागच्या टायरची भारक्षमता यांमुळे. वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत एकूण अनुज्ञेय वजनाचा आकडा असतो. त्यातून मोटारसायकलचे स्वतःचे वजन, चालक, मागे बसणारी व्यक्ती, पेट्यांतले सामान आणि हिचचे वजन वजा केल्यावर जे उरते, त्यात दांडाभार बसला पाहिजे. दोघे जण आणि भरलेल्या पेट्या असतील, तर पुष्कळदा या वजाबाकीनंतर हाती काहीच उरत नाही, आणि ही गोष्ट ट्रेलर विकत घेण्याआधी कळलेली बरी.

२. कंपनीच्या पुस्तिकेत ‘ट्रेलर जोडू नये’ असे लिहिले आहे, पण त्याच मॉडेलमागे ट्रेलर दिसतात. खरे काय मानायचे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. होंडा गोल्डविंगमागे ट्रेलर लावणारे पुष्कळ आहेत, तरीही होंडाची पुस्तिका ट्रेलर ओढू नये असेच सांगते. हार्ले-डेव्हिडसनच्या पुस्तिकांतही टायरवर पडणारा जादा भार, कमी होणारी ब्रेकची परिणामकारकता आणि बिघडणारे संतुलन ही कारणे देऊन तशीच सूचना केलेली असते. ही सूचना पाळावी हे उत्तम. ती डावलून ट्रेलर लावायचाच असेल, तर हिच आणि वायरिंगमुळे होणारे बिघाड वॉरंटीबाहेर जाऊ शकतात हे गृहीत धरावे आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. तोंडी मिळालेला होकार दाव्याच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

३. मोटारसायकलमागे ट्रेलर लावणे कायदेशीर आहे का?

याचे एकच उत्तर नाही. ज्या देशात ट्रेलर चालवायचा तेथील नियम लागू होतात आणि सीमा ओलांडल्यावर ते बदलतात. नियम कोणत्या बाबींवर असतात हे कळावे म्हणून ब्रिटनचे उदाहरण घेता येईल. तेथे १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला एकच ट्रेलर लावता येतो, त्याची रुंदी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, मोटारसायकलच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचे अंतर २.५ मीटरच्या आत असावे लागते, आणि भरलेल्या ट्रेलरचे वजन १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच चालते. वेगमर्यादाही निराळी असते. आपल्या ठिकाणी नोंदणी, क्रमांकपट्टी, रुंदी, वजन, वेग आणि परवान्याचा प्रकार या सहा मुद्द्यांवर परिवहन विभागाकडे विचारणा करावी.

४. ट्रेलर सामानासह किती किलोचा असावा?

कायद्याची कमाल मर्यादा आणि आरामात चालवता येणारे वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण ३८० किलोच्या टूरिंग मोटारसायकलमागे भरलेला ट्रेलर १२० किलोच्या, म्हणजे तिच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावा, असे आमचे मत आहे. त्यापुढे वाढणारा प्रत्येक किलो ब्रेक लावताना जाणवतो (प्रश्न १३ पाहा). रिकाम्या ट्रेलरचेच वजन साठ-सत्तर किलो असेल, तर सामानासाठी उरतात पन्नास किलो. जाड पत्र्याचा, दणकट दिसणारा ट्रेलर निवडणारे येथेच फसतात.

५. दांडाभार नेमका किती असावा? शून्य ठेवला तर मोटारसायकलवर ताण येणार नाही ना?

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के हा रूढ आणि उपयुक्त अंदाज आहे. १२० किलोच्या ट्रेलरला १२ किलो. हिच आणि मोटारसायकल यांनी घालून दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल, तर ती पाळावी आणि ट्रेलरच हलका करावा.

शून्य भाराची कल्पना मोहक वाटते, पण ती धोक्याची आहे. बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांची गाडीवरची पकड सुटते. ट्रेलरचेही तसेच होते. दांडा बॉलला वर ढकलू लागतो, मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी होते आणि ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो.

उलट टोकाला गेल्यास काय होते, ते एका हिशोबाने स्पष्ट होईल. समजा, मोटारसायकलच्या दोन चाकांतले अंतर १७० सेंटिमीटर आहे आणि बॉल मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. बॉल आसाच्या मागे असल्यामुळे तो तरफेसारखे काम करतो. १२ किलोच्या दांडाभाराने मागच्या चाकावर सुमारे १६ किलो वाढतात आणि पुढचे चाक ४ किलोंनी हलके होते. एवढे सहज चालते. तोच भार ३० किलो केला, तर मागे ४० किलोंहून अधिक वाढतात आणि पुढून जवळजवळ ११ किलो कमी होतात. पुढचे चाक हलके झाले की हँडल हलके लागते, आणि नवखा चालक तेच चांगले समजतो. प्रत्यक्षात ओल्या रस्त्यावर वळताना पुढचा टायर घसरण्याची ती पूर्वतयारी असते. मागच्या डिकीत किंवा कॅरियरवर जड सामान ठेवले असेल, तर त्याचाही परिणाम याच दिशेने होतो, म्हणून ट्रेलर लावल्यावर ती डिकी हलकी ठेवावी.

६. हा भार घरी कसा मोजायचा?

माणसांचे वजन करण्याचा साधा काटा पुरतो. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा भरावा, सपाट जमिनीवर चाकांना ओट (सरकू नये म्हणून दगड किंवा लाकडाचा अडसर) लावावी आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर त्यावर टेकवावा. दांडा बॉलच्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर राहील असा ठोकळा निवडावा, कारण उंची बदलली की आकडा बदलतो. काट्यावरील आकड्यातून ठोकळ्याचे वजन वजा करावे. हाताने उचलून अंदाज घेणाऱ्यांना १२ आणि २० किलोंतला फरक कळत नाही, हे काट्यावर पडताळून पाहिल्यावर त्यांनाही पटते.

७. सामान कसे भरावे?

सर्वांत जड वस्तू तळाला, आसाच्या किंचित पुढे, आणि डावीउजवीकडे समान ठेवाव्यात. हलक्या व मोठ्या वस्तू वर आणि मागे. दांडाभार कमीजास्त करायचा असेल, तर सामान काढण्याऐवजी ते सरकवावे. आसापासून बॉलपर्यंत दीड मीटर अंतर असेल, तर ५ किलोची वस्तू ३० सेंटिमीटर पुढे सरकवल्याने दांडाभार बरोबर १ किलोने वाढतो. रिकाम्या जागा कपड्यांनी भरून घ्याव्यात, कारण पहिल्याच जोरदार ब्रेकला सामान पुढे घसरले तर काट्यावर जुळवलेले सर्व गणित बिघडते. पाण्याच्या मोठ्या, अर्धवट भरलेल्या कॅनची येथे विशेष आठवण करून द्यावीशी वाटते. आत हिंदकळणारे पाणी प्रत्येक वळणावर भार इकडून तिकडे नेते. ट्रेलरच्या झाकणावर बर्फपेटी किंवा तंबू बांधणे टाळावे, नाहीतर गुरुत्वमध्य वर जातो.

८. हिच कुठे बसवावी आणि बॉल कोणत्या मापाचा घ्यावा?

हिच मुख्य फ्रेमला, शक्यतो चार जागी, आणि त्या मॉडेलसाठीच बनवलेली असावी. डिकीचे कॅरियर, मडगार्ड किंवा नंबरप्लेटचा पत्रा हे हिचचे आधार नव्हेत. अनेक आधुनिक मोटारसायकलींत सीटखालची मागची सबफ्रेम हलक्या अ‍ॅल्युमिनियमची असते. ती केवळ बसणाऱ्यांचे वजन पेलण्यासाठी बनवलेली असल्याने ट्रेलरच्या सततच्या धक्क्यांनी तिला तडे जाऊ शकतात.

बॉलच्या मापांत दोन प्रचलित आहेत: अमेरिकेत १ ७/८ इंच, म्हणजे जवळपास ४८ मिलिमीटर, आणि युरोपात ५० मिलिमीटर. फरक इतका लहान आहे की ५० मिलिमीटरचा कपलर छोट्या बॉलवर नीट बसल्यासारखा वाटतो आणि एखाद्या खड्ड्यात निसटतो. माप बॉलवर आणि कपलरवर कोरलेले असते. दोन्ही वाचून घ्यावीत. मोटारसायकलवर चालक व सामान असताना दांडा आडवा किंवा पुढे किंचित झुकलेला राहील अशी बॉलची उंची ठेवावी.

९. स्विव्हल कपलर खरोखर लागतो का? बॉल तर सर्व बाजूंना फिरतोच.

फिरतो, पण मर्यादेपर्यंत. मोटारसायकल वळताना कलते, दोनचाकी ट्रेलर मात्र सपाट राहतो, आणि हा सगळा पीळ जोडणीला सोसावा लागतो. साधा कपलर ठरावीक कलानंतर बॉलच्या मानेवर अडतो. तेथून पुढे मोटारसायकल ट्रेलरला उचलू पाहते, किंवा बॉल कपलरमधून उचकटला जातो. स्विव्हल कपलर दांड्याच्या रेषेभोवती मुक्तपणे फिरतो, त्यामुळे कलण्याला अडथळा राहत नाही. शिवाय ट्रेलरचे एक चाक खड्ड्यात जाऊन तो उलटला, तरी मोटारसायकल त्याच्यासोबत पिळली जात नाही. उलट पार्किंगमध्ये मोटारसायकल आडवी पडली, तर ट्रेलर उभाच राहतो. दोनचाकी ट्रेलरसाठी आम्ही हा भाग अनिवार्य मानतो.

१०. सेफ्टी चेन एक लावावी की दोन?

दोन, आणि दांड्याखालून एकमेकींना छेद देणाऱ्या. कपलर सुटला तर दांडा त्या छेदावर झेलला जातो आणि रस्त्यात रुतत नाही. चेन पूर्ण वळणात ताणली जाणार नाही इतकी सैल आणि जमिनीला घासणार नाही इतकी आखूड असावी. ती बॉललाच अडकवू नये. बॉल तुटला तर चेनही जाईल. कपलरची खिटी लावल्यावर दांडा हाताने वर खेचावा. मोटारसायकलची मागची बाजू त्यासोबत उचलली गेली तरच जोडणी पक्की झाली असे समजावे.

११. एकचाकी ट्रेलर चांगला की दोनचाकी?

एकचाकी ट्रेलर मोटारसायकलसोबत कलतो, अरुंद असतो आणि खड्डा चुकवताना तिच्याच रेषेत येतो, त्यामुळे वळणावळणाच्या रस्त्यावर तो सुखाचा वाटतो. पण तो स्वतः उभा राहू शकत नसल्याने त्याला तोलून धरण्याचे काम मोटारसायकलच करते, त्याची जोडणी वेगळ्या प्रकारची असते आणि सामानही थोडेच बसते. जास्त सामान असलेल्या प्रवासासाठी दोनचाकीच सोयीचा. वर आणि पुढे दिलेला हिशोब दोनचाकीचा आहे.

१२. दिव्यांच्या तारा थेट जोडल्या तर चालतात का?

जुन्या मोटारसायकलींवर चालतात, नव्यांवर बहुधा नाही. ज्यांचे विद्युतमंडल कॅन-बस पद्धतीचे, म्हणजे दिवे संगणकीय नियंत्रकामार्फत चालवणारे आहे, त्या मोटारसायकली प्रत्येक दिव्याकडे जाणारा प्रवाह मोजतात आणि अनपेक्षित वाढ दिसली की बिघाड समजून दिवा बंदही करतात. अशा वेळी संकेत मोटारसायकलच्या दिव्यांकडून, पण वीज फ्यूजमार्गे थेट बॅटरीकडून घेणारे मॉड्यूल बसवावे. ट्रेलरवर एलईडी दिवे घेतल्यास भारही कमी होतो. २१ वॅटचा एक साधा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. काही ट्रेलरांत ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर एकाच बल्बवर चालतात, त्यांना मध्ये कन्व्हर्टर लागतो.

‘इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात’ अशी तक्रार असेल, तर दहापैकी नऊ वेळा अर्थिंग नीट नसते. अर्थिंगसाठी बॉल-कपलरच्या स्पर्शावर विसंबू नये, स्वतंत्र तार न्यावी.

१३. थांबायला किती जास्त अंतर लागते?

छोट्या ट्रेलरांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात; त्याचे वजन थांबवण्याचे काम मोटारसायकलच्याच दोन टायरना करावे लागते. मोटारसायकल, दोन माणसे आणि सामान मिळून ५३० किलो आणि ट्रेलर १२० किलो धरला, तर थांबण्याचे अंतर साधारण एक पंचमांशाने वाढते. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना एरवी ब्रेक दाबल्यापासून ३५ मीटरांत थांबणारे वाहन सुमारे ४२ मीटर घेईल. हा फरक कागदावर लहान दिसतो. पुढच्या ट्रकच्या मागच्या बाजूला तो पुरेपूर कळतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोरदार ब्रेक लावताना असा ट्रेलर मागून साधारण सत्तर किलो वजनाएवढा रेटा देतो. सरळ रेषेत तो रेटा सरळ पुढे जातो. वळणात मात्र तो तिरका लागतो आणि मोटारसायकलचे मागचे चाक बाहेर ढकलतो. म्हणून ब्रेक वळणाआधी, मोटारसायकल उभी असतानाच लावून घ्यावेत, आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर नेहमीपेक्षा निदान दीडपट ठेवावे.

१४. वळणावर आणि खड्ड्यांतून जाताना काय बदलते?

आता तुमच्या वाहनाच्या तीन रेषा रस्त्यावर उमटतात. दोन चाकांत ९० सेंटिमीटर अंतर असलेला ट्रेलर घट्ट वळणात इतका आत येतो की त्याचे आतले चाक मोटारसायकलच्या रेषेपासून सुमारे ६० सेंटिमीटर आत धावते. त्यामुळे फुटपाथची कड, रस्त्याच्या कडेचा दगड किंवा पेट्रोल पंपावरचा खांब यांना मोटारसायकल चुकवते आणि ट्रेलर धडकतो. खड्ड्याचेही तेच: ऐन वेळी बाजूला काढलेली मोटारसायकल वाचते, खड्डा ट्रेलरच्या वाट्याला जातो. खड्डा लहान असेल, तर सरळ जाऊन तो ट्रेलरच्या दोन चाकांच्या मधोमध घेणे हा झटक्याने बाजूला काढण्यापेक्षा बरा पर्याय असतो.

१५. ट्रेलर डोलायला लागला तर काय करावे? वेग वाढवला की सरळ होतो असे ऐकले आहे.

वेग वाढवू नये. क्षणभर ताण बसून ट्रेलर सरळ झाल्यासारखा वाटतो, पण प्रत्येक ट्रेलरचा एक वेग असा असतो की त्याखाली झोके आपोआप विरतात आणि त्यावर ते वाढत जातात. वेग वाढवणे म्हणजे त्या मर्यादेच्या आणखी पलीकडे जाणे. थ्रॉटल हळूहळू कमी करावा, हँडल घट्ट आवळू नये, झोक्याला उलट हँडल मारून ‘सावरण्याचा’ प्रयत्न करू नये आणि जोराचा ब्रेक टाळावा. वेग उतरला की झोके थांबतात. मग सुरक्षित जागी थांबून कारण शोधावे: कमी दांडाभार (प्रश्न ५), मागे सरकलेले सामान, एका बाजूच्या टायरमधली कमी हवा, सैल झालेली हिच किंवा खेळ आलेले बेअरिंग. कारण न सापडता ‘आता थांबले’ म्हणून पुन्हा त्याच वेगाने निघणे हा या विषयातला सर्वांत महागडा आशावाद आहे.

१६. ट्रेलरचे टायर छोटे असतात. त्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो. आठ इंची रिमचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला साडेबाराशेच्या आसपास फेरे घेते, मोटारसायकलचे चाक सुमारे आठशे. टायर आणि बेअरिंग दोन्ही त्यामुळे जास्त तापतात. लांबच्या प्रवासासाठी बारा इंची चाके असलेला ट्रेलर निवडणे शहाणपणाचे ठरते. टायरच्या बाजूवरील वेगाचे अक्षर पाहावे: जे म्हणजे ताशी १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२०, एम म्हणजे १३० किलोमीटर. टायरच्या बाजूवरच कोरलेला चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलर वर्षातून दोनदाच बाहेर निघत असल्याने टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र वाळलेले असते.

प्रत्येक थांब्यावर हबला, म्हणजे बेअरिंग असलेल्या चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून पाहावा. कोमट चालतो, चटका बसणारा चालत नाही. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे आणि हिचचे नट पुन्हा आवळावेत. त्या मापाची स्टेपनी सोबत असावी, कारण ती वाटेत मिळेलच असे नाही.

१७. लांब उतारावर आणि चढावर थांबून निघताना काय करावे?

उतार सुरू होण्याआधीच गिअर कमी करून इंजिनाच्या ब्रेकिंगवर वेग धरावा, म्हणजे डिस्क तापत नाहीत. चढावर निघताना क्लच अर्धवट दाबून फार वेळ धरला तर तो जळतो; उलट मोटारसायकल मागे सरकू दिली तर ट्रेलर आडवा होतो (प्रश्न १८). मागचा ब्रेक धरून, पहिल्या गिअरमध्ये एकाच सलग हालचालीत निघण्याचा सराव मोकळ्या मैदानात आधी करावा.

१८. रिव्हर्स आणि पार्किंग कसे करावे?

दांडा आखूड असल्याने छोटा ट्रेलर मागे जाताना क्षणार्धात काटकोनात वळतो, आणि बऱ्याच मोटारसायकलींना रिव्हर्स गिअरही नसतो. त्यामुळे पुढे निघता येईल अशीच जागा निवडावी. अडकल्यास ट्रेलर सोडवून हाताने ढकलावा, त्यात काही कमीपणा नाही. उतारावर उभे करताना तोंड चढाकडे ठेवावे, मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि ट्रेलरच्या चाकांनाही ओट लावावी. तोंड उताराकडे असेल तर ट्रेलरचा रेटा साइड स्टँड मिटवू शकतो.

१९. कुत्र्याला ट्रेलरमधून नेता येईल का?

माणसांना, अगदी लहान मुलांनाही, कधीही नाही. कुत्र्यासाठी खास बनवलेले, हवा खेळती राहणारे ट्रेलर असतात, पण सायलेन्सरचा धूर नेमका त्यांच्या दिशेने जातो आणि छोट्या चाकांचे धक्केही थेट लागतात. शिवाय कुत्रा आत पुढेमागे फिरला की दांडाभारही त्याच्याबरोबर फिरतो.

२०. भरलेला ट्रेलर नीट चालतो, रिकामा मात्र उड्या मारतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. टायरवर छापलेला कमाल दाब हा कमाल भारासाठी असतो. रिकाम्या ट्रेलरला तेवढी हवा भरली तर टायर चेंडूसारखा उसळतो, आणि भरलेल्या वजनासाठी निवडलेली स्प्रिंगही कमी भाराला दबत नाही. निर्मात्याने कमी भारासाठी दिलेला दाब वापरावा. तसा आकडा दिलेला नसेल, तर हवा थोडीथोडी कमी करत प्रत्येक वेळी काही किलोमीटर चालवून टायर तापतो का ते पाहावे. टायर गरम लागला तर हवा फार कमी झाली आहे. सामान पुन्हा भरण्याआधी हवा पूर्ववत करण्याची चिठ्ठी ट्रेलरच्या झाकणाच्या आतच चिकटवून ठेवावी.